दडपे पोहे की लावलेले चुरमुरे?

गॅस न पेटवता संध्याकाळचं खाणं करायचं म्हटलं तर बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात माझ्या मते निवड शेवटी या दोघांतच होते. कोसंबरी, म्हणजे भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर, मलाही आवडते, पण तिला मुगाची डाळ तासभर आधी भिजवायची आठवण लागते आणि भुकेल्या माणसाचं तिच्यावर भागत नाही. रामनवमीला पानकाबरोबर मिळते तेव्हाच तिची खरी गोडी. कडक भाकरी, दही, शेंगाची चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा हे तर मी जेवणच धरतो. पाच-सहा वाजता, जेवणाला जागा ठेवून काहीतरी हवं असतं, तेव्हा पोह्यांचा डबा उघडायचा की चुरमुऱ्यांचा, एवढाच प्रश्न उरतो.

कच्चं बाधेल का, ही शंका दोन्हीकडे नको. पोहे होतात ते भात, म्हणजे साळ, भिजवून, भाजून, चेपून. चुरमुरे तापलेल्या वाळूत फुलवलेले असतात. आचेचं काम आधीच झालेलं आहे. आपण फक्त कालवायचं.

आधी चुरमुऱ्यांची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे. परातीत चुरमुरे घ्यायचे, वर कच्चं शेंगतेल, तिखट, मीठ, आवडत असेल तर कांदा-लसूण चटणी, आणि दोन्ही हातांनी हलकं चोळत सगळीकडे लावायचं. तिखट ब्याडगीचं असेल तर रंग भरपूर चढतो आणि जाळ बेताचा राहतो, म्हणजे लहान मुलंही खातात. मग पंढरपुरी डाळं, खारे शेंगदाणे, कांदा, कोथिंबीर, लिंबू. कैरीचे दिवस असतील तर लिंबाऐवजी कैरीचे बारीक तुकडे. ती चव वेगळीच. पाच मिनिटांत परात तयार. नारळ नाही, विळी नाही, आणि दहा माणसं अचानक आली तरी चुरमुरे कमी पडत नाहीत. झटपटपणात दडपे पोहे त्यांच्या जवळपासही येत नाहीत, हे मान्य.

पण चुरमुरे थांबत नाहीत. माझा निकाल लागला तो या एकाच गोष्टीवर.

आमच्या घरी संध्याकाळी सगळे एका वेळी येत नाहीत. उद्यमबागच्या कारखान्यातली पाळी सुटते एका वेळी, मुलीचा क्लास सुटतो दुसऱ्या वेळी, आई देवळातून येते ती तिसऱ्याच वेळी. पहिल्या वाटीतले चुरमुरे कुरकुरीत असतात. मीठ लागलं की कांद्याला पाणी सुटतं, लिंबाचा रस खाली उतरतो, आणि थोड्याच वेळात परातीच्या तळाचे चुरमुरे आकसून बसतात. वरून पाहिलं तर काही कळत नाही, रंग तसाच असतो, पण खाताना चिवट लागतात. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला नेहमी तेच. दिवसभर राबून आलेल्या माणसापुढे मऊ पडलेले चुरमुरे ठेवणं मला फार जड जायचं. त्यावर उपाय आहे, नाही असं नाही: तेल-तिखट लावून कोरडे ठेवायचे आणि कांदा-लिंबू ज्याच्या त्याच्या वेळी घालायचं. मग प्रत्येकाच्या वेळी पुन्हा पाट, चाकू, कांदा आणि हाताला वास. पाच मिनिटांचं काम संध्याकाळभर चालू राहतं.

त्यात आपला पाऊस. मृग लागल्यापासून पुढे कित्येक दिवस बेळगावात ऊन दिसत नाही, खानापूरकडे तर विचारायलाच नको. घट्ट झाकणाच्या डब्यातलेही चुरमुरे एकदोनदा उघडझाप झाली की सादळतात. पुन्हा कुरकुरीत करायचे तर कढई तापवावी लागते, आणि गॅस पेटवायचाच असेल तर कांदेपोहे काय वाईट?

दडपे पोह्यांचं नेमकं उलट आहे. त्यांना ओलावा हवाच असतो, थांबणं त्यांना मानवतं. 4 वाट्या पातळ पोह्यांना 2 मध्यम कांदे, वाटीभर ओलं खोबरं, 2 हिरव्या मिरच्या आणि 1 लिंबू हे माझं प्रमाण. कांदा जितका बारीक चिराल तितकं चांगलं. कांदा, मिरची, मीठ, चिमूटभर साखर आणि खोबरं आधी एकत्र करून बोटांनी नीट चुरायचं, तळहात ओला झाला पाहिजे. त्यात लिंबू पिळायचं. पोहे चाळून शेवटी घालायचे आणि वरखाली करायचे. पोहे धुवायचे मुळीच नाहीत, पातळ पोह्यांचा लगदा व्हायला वेळ लागत नाही. फोडलेल्या नारळाचं पाणी तेवढं हातानं शिंपडायचं. मग पातेल्यात चेपून, वर ताटली आणि ताटलीवर खलबत्त्याचा बत्ता. पंधरा-वीस मिनिटांनी ताटली उचलली की खोबऱ्याचा आणि कोवळ्या मिरचीचा वास आधी येतो. पोहा मऊ झालेला असतो, पण पाकळी सुटी असते.

फोडणीशिवाय कसले दडपे पोहे, असं म्हणणारे भेटतील, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. मोहरी-हिंगाची फोडणी वरून पडली की चव खुलतेच. मी त्याऐवजी घरच्या कैरीच्या लोणच्याचा खार दोन चमचे घालतो. त्यात तेल, मोहरी, हिंग, हळद सगळं मुरलेलं असतं, त्यामुळे कढईची उणीव फारशी भासत नाही. खार घालणार असाल तर मीठ आणि लिंबू आधीच हात राखून घाला. खारे शेंगदाणे मात्र वाढताना वरून घाला, आत दडपले तर मऊ पडतात.

आता त्यांची अडचण. नारळ. फोडा, खवा, विळी धुवा, यात पोहे दडपण्यापेक्षा जास्त वेळ जातो. आमच्याकडे सकाळीच खोबरं खवून फ्रिजमध्ये ठेवतात. उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर संध्याकाळपर्यंत वास धरतं, तेव्हा तिथे हयगय नको. तयार पोहेही दोन-तीन तासांतच संपवावेत. पुढे कच्च्या कांद्याचा उग्रपणा वाढत जातो आणि रात्रीसाठी तर ठेवूच नयेत. पण दोन-तीन तास आम्हाला पुरतात. पहिल्याला आणि शेवटच्याला एकच चव मिळते. उलट आईचं म्हणणं असं की शेवटची वाटी जास्त मुरलेली असते.

हे सगळं माझ्या घराच्या वेळापत्रकावरून. खोलीवर एकटे राहत असाल, शिकायला आला असाल, तर कदाचित चुरमुरेच सोयीचे: वाटीभर लावा, तिथेच संपवा, सादळायचा प्रश्नच नाही. पिशवी लहान आणा आणि उघडल्यावर तोंड रबरानं बांधून डब्यात ठेवा. चिकोडी-अथणीकडच्या माझ्या मित्रांना खोबऱ्याची तितकी ओढ नाही, त्यांना शेंगतेलाचा वासच हवा असतो. त्यांना मी दडपे पोह्यांचा आग्रह करत नाही. आमच्याकडेही चुरमुरे बंद झालेले नाहीत. रविवारी सगळे घरात असले की परात मध्ये ठेवतो, सगळे एकदम हात घालतात, आणि तळाशी मऊ पडायला काही उरतच नाही.