‘मोबी डिक’ किती नीट वाचली, हे तपासणारा प्रश्नसंच : काही महिन्यांच्या वापरानंतर

हर्मन मेलव्हिल यांची ‘मोबी डिक’ ही १८५१ सालची कादंबरी आपल्याला कितपत उमगली आहे, हे पडताळण्यासाठी मी गेल्या पावसाळ्यापासून एक सशुल्क इंग्रजी अ‍ॅप वापरत आहे. ‘पीक्वॉड’ या व्हेल-शिकारी जहाजाचा कप्तान आहाब मोबी डिक या देवमाशाच्या मागे लागतो आणि ती कथा इश्माएल हा खलाशी सांगतो. कादंबरीत १३५ प्रकरणे आणि एक उपसंहार आहे. अ‍ॅपमध्ये प्रत्येक प्रकरणावर बहुपर्यायी प्रश्न आहेत, शिवाय उद्गार ओळखणे, घटनांचा क्रम लावणे आणि पात्रांच्या जोड्या जुळवणे असे वेगळे विभाग आहेत. चुकलेला प्रश्न काही दिवसांनी पुन्हा समोर येतो. कादंबरी मी पूर्वी एकदा वाचलेली होती आणि या काळात तिचे दुसरे वाचन चालू होते, त्यामुळे प्रश्न आणि पान यांची सांगड रोजच्या रोज घालता आली. माझे मत आधीच सांगते : जहाज बंदर सोडेपर्यंतच्या प्रकरणांसाठी हा संच उत्तम आहे, अखेरच्या तीन दिवसांच्या पाठलागासाठी चांगला आहे, आणि या दोहोंमधल्या विस्तीर्ण भागासाठी फारच तोकडा आहे. या कादंबरीच्या बाबतीत ही उणीव गंभीर आहे, कारण तिचे खरे सामर्थ्य त्या मधल्या भागातच आहे.

सुरुवातीच्या प्रकरणांवरील प्रश्न तयार करणाऱ्याने पुस्तक प्रेमाने आणि बारकाईने वाचले आहे, हे जाणवते. पहिलाच प्रश्न पुस्तकाचा आरंभ कशाने होतो असा आहे, आणि इश्माएलने स्वतःचे नाव सांगणारे ते प्रसिद्ध वाक्य हे त्याचे उत्तर नाही. त्याच्या आधी देवमाशासाठी निरनिराळ्या भाषांत असलेल्या शब्दांची यादी आणि देवमाशांविषयीच्या उताऱ्यांचा मोठा संग्रह येतो. जहाजावरील मोबदल्यासंबंधीचा प्रश्न मला विशेष आवडला. व्हेलच्या शिकारीवर जाणाऱ्या खलाशांना ठरलेला पगार नसे, तर नफ्यातला ठरावीक अंश मिळे. ‘पीक्वॉड’च्या मालकांपैकी बिल्डॅड हा पृथ्वीवर धनसंचय करू नका असे सांगणारे बायबलमधील वचन पुटपुटत इश्माएलला सातशेसत्त्याहत्तरावा हिस्सा देऊ पाहतो, दुसरा मालक पेलेग तीनशेवा हिस्सा नोंदवतो, आणि इश्माएलचा मित्र क्वीक्वेग याचे हार्पून, म्हणजे देवमाशावर फेकायचा दोर बांधलेला भाला, चालवण्यातले कसब पाहिल्यावर त्याला मात्र नव्वदावा हिस्सा देऊ केला जातो. अ‍ॅप हे तीन आकडे त्या तीन माणसांशी जोडायला सांगते. आकडे पाठ असून भागत नाही. धर्मनिष्ठ मालकाचा हिशेबीपणा ज्याच्या लक्षात राहिला आहे, त्यालाच जोडी अचूक लावता येते. असा प्रश्न स्मरणशक्तीबरोबर समजही तपासतो.

पात्रांच्या जोड्यांचा विभाग सोपा आहे. कोणत्या अधिकाऱ्याच्या होडीत कोण हार्पून फेकतो, म्हणजे स्टारबकच्या होडीत क्वीक्वेग, स्टबच्या होडीत टॅश्टेगो, फ्लास्कच्या होडीत डग्गू, एवढे एकदा पक्के झाले की त्याकडे पुन्हा जावेसे वाटत नाही.

एका चुकीची मात्र नोंद करायला हवी. अखेरच्या पाठलागात देवमाशाच्या अंगावर दोरांनी जखडलेला मृतदेह कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर अ‍ॅपमध्ये आहाब असे दिले होते. १९५६ साली जॉन ह्यूस्टन यांनी काढलेल्या चित्रपटात तसे घडते आणि ते दृश्य इतके प्रभावी आहे की पुष्कळांच्या मनात तेच पुस्तकातले म्हणून घर करून बसते. कादंबरीत तो देह आहाबच्या होडीतला हार्पून फेकणारा फेदल्ला याचा आहे. चित्रपटात फेदल्ला हे पात्रच नाही. आहाबचा शेवट पुस्तकात क्षणार्धात होतो : त्याने फेकलेल्या हार्पूनचा दोर त्याच्याच गळ्याभोवती पडतो आणि तो होडीतून नाहीसा होतो. हा फरक किरकोळ नाही, कारण फेदल्लाने वर्तवलेले भविष्य त्याच्यावरच उभे आहे. आहाबला मृत्यूपूर्वी दोन शववाहिका दिसतील, पहिली माणसाच्या हातची नसेल आणि दुसरीचे लाकूड अमेरिकेत वाढलेले असेल, तसेच त्याला मृत्यू येईल तो केवळ तागाच्या दोराने, असे ते भविष्य होते. फेदल्लाचा देह वाहणारा देवमासा ही पहिली शववाहिका आणि बुडणारे ‘पीक्वॉड’ ही दुसरी. आहाबलाच देवमाशावर बांधून टाकले तर हे सगळे कोलमडते. मी कंपनीला प्रकरणाच्या क्रमांकासह कळवले आणि पुढच्या अद्ययावत आवृत्तीत उत्तर दुरुस्त झाले, याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवे.

आता मधल्या भागाविषयी. बत्तिसाव्या प्रकरणात इश्माएल देवमाशांचे वर्गीकरण छापील पुस्तकांच्या आकारांप्रमाणे, म्हणजे फोलिओ, ऑक्टेव्हो आणि ड्युओडेसिमो अशा गटांत करतो, आणि देवमासा हा आडव्या शेपटीचा, पाण्याचा फवारा उडवणारा मासाच आहे असे ठासून सांगतो. अ‍ॅपमध्ये यावर एकच प्रश्न आहे, तोही स्पर्म व्हेल कोणत्या गटात येते एवढाच. खरा विचारण्यासारखा प्रश्न असा की, हे वर्गीकरण इश्माएल जाणूनबुजून अपुरे का ठेवतो, आणि अपूर्ण राहिलेल्या कोणत्या इमारतीचा दाखला देतो. (ती इमारत म्हणजे कोलोन येथील कॅथीड्रल.) देवमाशाच्या शुभ्रतेवरील बेचाळिसाव्या प्रकरणावरचे प्रश्न तर केवळ त्यात उल्लेखलेल्या पांढऱ्या वस्तूंची यादी तपासतात. मोबी डिक सर्वांगाने पांढरा नाही, सुरकुतलेले कपाळ आणि उंच वशिंड तेवढे हिमासारखे शुभ्र असून उरलेल्या अंगावर त्या रंगाचे पट्टे आणि छटा आहेत, हे आदल्याच प्रकरणात सांगितले आहे. त्यावर एकही प्रश्न असू नये, याचे आश्चर्य वाटते.

‘पीक्वॉड’ला समुद्रात भेटणारी नऊ जहाजे हा या कादंबरीच्या परीक्षेचा कणा व्हायला हवा होता. अ‍ॅप त्यांचा क्रम लावायला सांगते : अल्बट्रॉस, टाउन-हो, जेरोबोम, युंगफ्राउ, रोजबड, सॅम्युएल एंडर्बी, बॅचलर, रेचल, डिलाइट. क्रम लावण्याचा सराव उपयोगी आहेच. परंतु प्रत्येक भेटीत आहाब काय विचारतो आणि काय ऐकायला नाकारतो, याचा शोध घेणारा प्रश्न नाही. ‘सॅम्युएल एंडर्बी’च्या कप्तानाचा हात मोबी डिकने नेला आहे आणि तरीही त्या देवमाशाच्या पुन्हा वाटेला जायची त्याची इच्छा नाही. ‘रेचल’चा कप्तान आपल्या हरवलेल्या मुलाच्या शोधासाठी मदतीची याचना करतो, आहाब ती नाकारतो, आणि त्याच मुलाला शोधत फिरणारे ते जहाज अखेरीस इश्माएलला वाचवते. ही भेट ज्याने नीट वाचली, त्याला उपसंहार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मराठी वाचकाला पंचावन्नावे प्रकरण विशेष जवळचे वाटेल. देवमाशाचे सर्वांत प्राचीन चित्रण घारापुरीच्या लेण्यांत असून तो विष्णूचा मत्स्यावतार आहे, असे इश्माएल तेथे सांगतो. सर्वांत जुने चित्रण कोठे आहे, या अ‍ॅपमधील प्रश्नाचे कादंबरीनुसार योग्य उत्तर घारापुरी हेच आहे. मात्र तेथील मुख्य लेणे शैव आहे. त्रिमुखी सदाशिव, अर्धनारीश्वर, गंगाधर आणि अंधकासुरवध यांच्यासाठी ते ओळखले जाते, मत्स्यावतारासाठी नव्हे. मेलव्हिल भारतात कधीच आले नव्हते. फेदल्लाला कादंबरीत पारशी म्हटले आहे, पण त्याच्या वर्णनाचा मुंबई-गुजरातच्या पारशी समाजाशी काही मेळ बसत नाही. उत्तराखालच्या स्पष्टीकरणात याचा उल्लेख असता, तर निवेदकाच्या ऐकीव पांडित्यावर किती विश्वास ठेवावा, हा या कादंबरीतला मोलाचा प्रश्न आपोआप पुढे आला असता.

ही पोकळी भरण्यासाठी मी ‘अँकी’ या कार्ड-आधारित सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे प्रश्न लिहू लागले, आणि या काळातला सर्वाधिक लाभ मला त्यातून झाला. अमेरिकेतील न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियममध्ये दर जानेवारीत ही कादंबरी सलग सुमारे पंचवीस तास जाहीरपणे वाचली जाते आणि त्याच सोहळ्यात श्रोते मेलव्हिलच्या अभ्यासकांना निरुत्तर करण्यासाठी प्रश्न विचारतात. त्या प्रथेवरून आमच्या छोट्या वाचनगटाने नियम केला की, प्रत्येकाने नेमलेल्या प्रकरणांवर एकच प्रश्न आणावा आणि त्याचे उत्तर ठरावीक ओळीत दाखवता यावे. मोबी डिक प्रथम पाहणाऱ्यासाठी बक्षीस म्हणून आहाबने डोलकाठीवर ठोकलेल्या सोन्याच्या नाण्यावरून झालेली चर्चा सर्वांत रंगली. आहाब त्याला सोळा डॉलरचे स्पॅनिश नाणे म्हणतो, नव्याण्णवाव्या प्रकरणात त्यावर इक्वेडोरचे नाव दिसते, जहाजावरचा प्रत्येक जण त्यात स्वतःलाच पाहतो, आणि देवमासा प्रथम दिसल्याचा मान घेऊन ते नाणे शेवटी आहाबच स्वतःचे ठरवतो.

वापरातील काही बाबी. वेळमर्यादा बंद करता येते आणि ती बंदच ठेवावी. उत्तरासोबत प्रकरणाचा क्रमांक मिळतो, ही मोठी सोय आहे, कारण पृष्ठक्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. आवृत्त्यांवर स्वतंत्र छोटा विभाग असून तो माहितीपूर्ण आहे : ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनला निघालेल्या तीन खंडांच्या आवृत्तीत उपसंहार छापलाच गेला नव्हता, त्यामुळे सगळेच बुडाले तर ही कथा सांगतो कोण, अशी तक्रार तेथील काही समीक्षकांनी केली. न्यूयॉर्कच्या नोव्हेंबरमधील आवृत्तीत तो होता.

कादंबरी अद्याप वाचली नसेल, तर हे अ‍ॅप घेऊ नये. प्रश्नांतून शेवट उघड होतो. एकदा वाचून झालेल्यांनी आणि दुसरे वाचन करू इच्छिणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे, परंतु तेविसाव्या प्रकरणापासून पुढे स्वतःची वही जवळ ठेवावी. नऊ जहाजे आणि देवमाशाच्या शरीरावरील प्रकरणे यांचे प्रश्न वाढवावेत, असे मी कंपनीला सविस्तर लिहिले आहे; तो भाग आला तर पुढील वर्षाची वर्गणी मी आनंदाने भरेन.