रिसीव्हर आठ महिने वापरल्यावर: जोडण्याइतकंच सोडवताही आलं पाहिजे

दिवाळी पाडव्याला ५.१ चा रिसीव्हर, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या सुरांचा एक सबवूफर यांना आवाज पुरवणारा डबा, घरी आणला, त्याला आता आठ महिने झाले. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण जे घोळ झाले ते यंत्राचे नव्हते, माझ्या जोडणीचे होते. मागची बाजू सगळ्या कंपन्यांची साधारण सारखीच असते.

आमचं घर सांगलीत गावभागात, तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा जुनी म्युझिक सिस्टीम तिच्या कपाटासकट गेली. त्यामुळे यंदा खरेदीआधीच आईची अट होती, "घे, पण पाणी आलं तर अर्ध्या तासात माळ्यावर गेलं पाहिजे." तेव्हा हसलो होतो. पुढची सगळी वायरिंग मात्र त्याच अटीने ठरली.

वायरीपासूनच सुरुवात चुकली. दुकानात १६ गेज (वायरीच्या जाडीचं माप) मागितली. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "स्क्वेअर एमएममध्ये सांगा." त्याचं बरोबर होतं. गेजची मापं एकापेक्षा जास्त आहेत, घोटाळा होतो. स्पीकरच्या गेजमधलं १६ म्हणजे साधारण १.३ चौरस मिलिमीटर, १४ म्हणजे २.१ च्या आसपास. आमच्या दिवाणखान्यात मागच्या स्पीकरपर्यंत भिंतीच्या कडेने नऊ मीटर वायर लागली, तेवढ्याला ८ ओहमच्या स्पीकरसाठी १६ गेज भरपूर. हजारो रुपये मीटरच्या वायरींच्या गप्पा ऐकून घ्यायच्या आणि सोडून द्यायच्या.

पहिल्या संध्याकाळी रिसीव्हर चालू केला आणि दोन सेकंदात बंद पडला. पुन्हा तेच. यंत्रच बिघडलेलं आलं म्हणून दुकानदारावर चिडलो. मग टॉर्च घेऊन मागे बघितलं तर सेंटर स्पीकरच्या लाल टर्मिनलमधून सुटलेली तांब्याची एक केसभर तार काळ्याला टेकलेली. रिसीव्हर स्वतःला वाचवत होता. तेव्हापासून सगळ्या टोकांना बनाना प्लग, म्हणजे टर्मिनलमध्ये सरळ खोचायच्या पिना, लावले. आवाज त्याने सुधारत नाही, पण तारा सुटत नाहीत आणि काढता-घालता दहा सेकंद लागतात.

दुसरी चूक लाल-काळ्याची. डावा स्पीकर उलटा जोडला गेला होता. आवाज येत होता, म्हणून आठवडाभर कळलंच नाही. फक्त तबला पोकळ वाटायचा आणि गाणारा नक्की कुठे उभा आहे ते कळेना. दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलत असले की खालचे सूर आपापसातच कटतात. वायर रिसीव्हरमधून काढून तिच्या टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवला (सेलचं अधिक टोक लालकडच्या तारेला), की सुलट जोडलेल्या स्पीकरचा पडदा बाहेर येतो, उलट असेल तर आत जातो. पाचही स्पीकर असेच तपासले.

सोबत आलेल्या माइकने खोलीचं मापन करायचं असतं. मी केलं तेव्हा पंखा चालू होता आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली. निकाल हास्यास्पद. रात्री अकराला, पंखा बंद, माइक कानाच्या उंचीवर स्टँडला लावून पुन्हा केलं. सबवूफर तीन मीटरवर असताना मशीनने पाच दाखवलं. ते मात्र बदलू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज उशिरा निघतो आणि तो उशीर अंतर म्हणून धरलेला असतो. पुढच्या स्पीकरना त्याने 'लार्ज' ठरवलं होतं, ते 'स्मॉल' करून ८० हर्ट्झवर तोडलं, म्हणजे त्याखालचे सूर सबवूफरकडे गेले. सर्वांत मोठा फरक याने पडला.

सेटटॉप बॉक्स आधी रिसीव्हरलाच जोडला होता. दुसऱ्याच दिवशी तक्रार आली, "मालिका बघायला दोन रिमोट कशाला?" मग बॉक्स टीव्हीला, आणि टीव्हीचा आवाज एआरसी (ऑडिओ रिटर्न चॅनेल) लिहिलेल्या एचडीएमआयमधून परत रिसीव्हरला. टीव्हीवर सहसा एकाच खाचेला ते लिहिलेलं असतं, दुसरीत केबल घालून तासभर बसाल. शिवाय टीव्हीचा डिजिटल आवाज 'पीसीएम'वर असेल तर पाचपैकी दोनच स्पीकर बोलतात, तो 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करावा लागतो. आता रिसीव्हर बंद असला तरी आईची मालिका टीव्हीच्या स्पीकरवर चालते.

सबवूफरची घुंई डिसेंबरभर पुरली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, अर्थिंगची पिन कापा. अजिबात नाही. रिसीव्हर एका भिंतीच्या बोर्डावर होता, सबवूफर समोरच्या. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले आणि घुंई गेली.

उन्हाळ्यात रिसीव्हर ठेवलेल्या शोकेसची मागची फळी काढावी लागली. वर चार बोटं जागा असूनही डबा तव्यासारखा तापायचा.

जुलैत पाऊस लागला, कोयनेच्या विसर्गाचे आकडे गल्लीत फिरायला लागले. पातळी ४० फुटांची इशारा रेषा गाठेपर्यंत थांबायचंच नाही असं ठरलेलं. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं होतं, मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये होता. बावीस मिनिटांत सगळं माळ्यावर. सबवूफर एकट्याने चढवू नका, माझी कंबर दोन दिवस धरली होती.

पाणी गल्लीत आलंच नाही. पाचव्या दिवशी सगळं खाली आणून पुन्हा जोडलं. मापन पुन्हा करावं लागू नये म्हणून स्पीकरच्या जागा फरशीवर टेपने आखून ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन खुणा फरशी पुसताना निघून गेल्या होत्या, तेव्हा परत रात्री अकरा, परत पंखा बंद.