गुडघेदुखीवर दुकानातून आणलेली वेदनाशामके : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गुडघ्यांची झीज झाल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम आणि वजन यांवर भर दिला. परंतु जिना उतरताना उठणाऱ्या कळेवर रोज काही तरी लागतेच, आणि बहुतेक घरांत ते चिठ्ठीशिवाय कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून येते. गेल्या पावसाळ्यापासून मी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉलची एकत्रित गोळी आणि डायक्लोफिनॅकचे जेल अशी तिन्ही औषधे वापरली आहेत.

पॅरासिटामॉलने अंगदुखी आणि कणकण जाते, पण गुडघ्याला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत सांधेझिजेसाठी ते नेहमीचे औषध म्हणून देऊ नये, असेच म्हटले आहे. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे, म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांत ती जवळपास गाठली जाते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही हेच औषध असल्यामुळे यकृतावर दुहेरी मात्रेचा भार पडू शकतो.

एकत्रित गोळीचा गुण मात्र खरा आहे. तासाभरात गुडघा मोकळा होतो आणि गणपतीच्या आरतीला शेवटपर्यंत उभे राहता येते. मात्र दुखणे वाढवणारी जी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची शरीरातली रसायने त्यातले आयब्युप्रोफेन अडवते, तीच जठराचे अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडातला रक्तप्रवाह टिकवतात. मी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेते. गोळी रोजची झाल्यावर घरच्या यंत्रावरचा वरचा आकडा चढू लागला आणि संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्याभोवती खोल वळ दिसू लागले. डॉक्टरांनी गोळी थांबवून मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातले क्रिअ‍ॅटिनिन तपासायला सांगितले. ते सुदैवाने ठीक निघाले, आणि रक्तदाबही खाली आला. रक्तदाबाची अशी गोळी, लघवी वाढवणारे औषध आणि आयब्युप्रोफेनसारखे वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली, तर मूत्रपिंडे अचानक निकामी होण्याचा धोका वाढतो, हे दुकानाच्या काउंटरवर कोणीही विचारत नाही, याची मला मनापासून काळजी वाटते. डायक्लोफिनॅक आयब्युप्रोफेनच्याच गटातले. ते दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, म्हणून भारतात २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसाचे शरीर ते पुष्कळच अधिक सोसते, तरी ते निरुपद्रवी नव्हे.

माझ्या मते गुडघ्यासाठी पहिली निवड जेलचीच असावी, कारण गोळीच्या तुलनेत त्यातले सुमारे ६ टक्केच औषध रक्तात उतरते. ते गुणकारी नाही असे म्हणणारे बहुधा वाटाण्याएवढेच लावतात. १ टक्का जेलची गुडघ्यासाठीची मात्रा एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा, अशी आहे. त्या हिशेबाने ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला दोन दिवसही पुरत नाही. मी सकाळी आणि रात्री गुडघ्याच्या वाटीच्या चारही बाजूंनी लावते, तेवढ्यानेही आठवड्याभरात जिन्यावरचा फरक जाणवला. जेलमधल्या मेंथॉलचा गारवा लगेच जाणवतो, पण तो म्हणजे औषधाचा गुण नव्हे. लावल्यावर हात धुवावेत आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, त्वचा भाजते. खुब्याचा सांधा खोल असल्यामुळे तिथे जेलची आशा धरू नये.

जेलने कळ कमी झाल्यावर खुर्चीत बसून पाय सरळ ताणण्याचा व्यायाम नियमित होऊ लागला, आणि मांडीचे स्नायू बळकट झाल्यापासून जेलही कमी लागते. गोळी आता फक्त लांबच्या प्रवासासाठी, जेवणानंतर आणि डॉक्टरांना विचारूनच घेते. गोळ्या घेणाऱ्या कोणालाही काळी, डांबरासारखी शौचास झाली, तर ते जठरातून रक्तस्राव होत असल्याचे लक्षण असू शकते. त्या वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे.