सेशन शाळेत घ्यायचं, झूमवर घ्यायचं, की व्हिडिओ पाठवून मोकळं व्हायचं?

मागच्या महिन्यात कोथरूडच्या एका शाळेतून पर्यवेक्षिका बाईंचा फोन, "ताई, आठवी-नववीचं ते सुरक्षिततेचं सेशन यंदा ऑनलाइनच घेऊन टाका ना, दोन्ही शिफ्ट एकदम उरकतील." हे सेशन म्हणजे लैंगिक अत्याचार आणि घरातली हिंसा यांबद्दल मुलांशी बोलणं, त्यामुळे तो 'उरकतील' शब्द दिवसभर डोक्यात राहिला. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर, म्हणजे २०२४ पासून, असे फोन बरेच यायला लागलेत, आणि त्यात विषय घ्यायचाय किती आणि फाइलला रिपोर्ट लावायचाय किती हे आवाजावरूनच कळतं. असो. मी तिन्ही प्रकारे घेतलंय, लॉकडाउनच्या आधी वर्गात, २०२०-२१ मध्ये झूमवर आणि नंतर रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर, तर ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितीये.

सगळे आधी विचारतात झूम की गूगल मीट. मी विचारते फोन कोणाचा आणि घरात खोल्या किती. जनता वसाहतीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत मुलगी सेशनला बसते तेव्हा मागे आई भाजी निवडत असते, भाऊ कॉटवर लोळत असतो आणि फोन बाबांचा असतो, तोही दोन तासांपुरता. बाणेरच्या मुलीला स्वतःची खोली आणि कानात इअरबड्स, पण म्हणून ती सुरक्षित आहे असं अजिबात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या शंभरातल्या साधारण २९ जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं, आणि शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के जणींनी कधी मदत मागितली नाही की कोणाला सांगितलंही नाही. म्हणजे स्क्रीनवर चाळीस चौकोन दिसतायत ना, त्यातल्या काही चौकोनांत आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो माणूस शेजारीच बसलेला आहे हे धरूनच चालायचं.

वर्गात हे नसतं. दार लावता येतं, बाहेर शिपाईमामांना सांगून ठेवता येतं, कोण खाली मान घालून बसलंय ते दिसतं. आणि वर्गाची खरी किंमत तास संपल्यावरच्या पाच मिनिटांत आहे, जेव्हा सगळ्या पळतात आणि एकजण उगाच पाण्याची बाटली शोधत मागे रेंगाळते. मला आत्तापर्यंत ज्या मुलींनी काही सांगितलं त्यातल्या बहुतेक बाटलीवाल्याच. झूमवर 'लीव्ह' दाबलं की संपलं, तिथे रेंगाळायला जागाच नाही.

पण झूमला नावं ठेवायला मी बसलेली नाही, कारण एका बाबतीत वर्ग झूमच्या पासंगालाही पुरत नाही आणि ते म्हणजे मुलगे. नववीतला मुलगा वर्गात फिदीफिदी हसण्यापलीकडे काही करत नाही, शेजारचा काय म्हणेल याचीच भीती. तोच मुलगा चॅटमध्ये, फक्त मला दिसेल असा, लिहितो की मॅडम तिने आधी हो म्हणलं आणि नंतर नाही म्हणलं तर कुठलं खरं. असा प्रश्न वर्गात हात वर करून विचारलेला मी आजवर ऐकलेला नाही.

मात्र त्यासाठी चॅट फक्त होस्टपुरताच ठेवायला लागतो आणि ते झूममध्ये जमतं. मीटमध्ये चॅटला लिहिलेलं सगळ्यांना दिसतं, त्यामुळे तिथे प्रश्नांसाठी वेगळा गूगल फॉर्म द्यायचा आणि त्यात ईमेल गोळा करायचं सेटिंग आठवणीने बंद करायचं. रेकॉर्डिंग करायचं नाही, शाळेने रिपोर्टसाठी मागितलं तरी नाही. कॅमेऱ्याची सक्ती करायची नाही. वेटिंग रूम लावायची आणि शाळेतल्या एका बाईंना हजेरीची यादी घेऊन दारावर बसवायचं. फुकटच्या झूमला ४० मिनिटांची मर्यादा आहे आणि मुलं नेमकी पस्तिसाव्या मिनिटाला बोलायला लागतात, तेव्हा पेड अकाउंट असेल तरच या भानगडीत पडा.

शिवाय एक खूण ठरवून ठेवायची. आमची होती 'पाणी'. घरातलं कोणी जवळ आलं की चॅटमध्ये पाणी लिहायचं आणि मी लगेच आहाराची स्लाइड लावणार. एकदा दहा मिनिटांत तीन वेळा 'पाणी' आलं आणि मी चेहरा अगदी सरळ ठेवून मेथी, पालक, लोह असं चार-चार मिनिटं बोलत बसले, शेवटी विषय निम्माच झाला पण कोणालाही घरी बोलणी बसली नाहीत, माझ्या लेखी ते सेशन पास. याच्या उलट एका शाळेने लिंक थेट पालकांच्या ग्रुपवर टाकली, वर ठळक अक्षरात 'लैंगिक अत्याचार प्रतिबंध'. त्या दिवशी निम्म्या मुली आल्याच नाहीत आणि आल्या त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या मागे वडील बसलेले. लिंकला नाव साधं द्या, जीवन कौशल्य वगैरे.

आता तिसरा पर्याय, व्हिडिओ. स्वस्त आहे, कधीही बघता येतो आणि शिक्षकांच्या ट्रेनिंगला चांगला चालतो. पण मुलांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ जातो बाबांच्या फोनच्या गॅलरीत. आणि व्हिडिओ बघून एखादी हादरली तर तिच्यासमोर कोणीच नसतं. मुलांसाठी एकट्या व्हिडिओच्या मी सरळ विरोधात आहे.

एक गोष्ट मात्र कुठलाही प्रकार निवडलात तरी सुटत नाही. मूल १८ च्या आतलं असेल आणि त्याने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे 'तू सांग, मी कोणालाच सांगणार नाही' असं वचन द्यायचंच नाही, सुरुवातीलाच काय गुपित राहील आणि काय नाही ते स्पष्ट सांगायचं. वर्गात पुढचं निदान हातात असतं, समुपदेशक शेजारच्या खोलीत बसलेल्या असतात. ऑनलाइनला मुलीने एक ओळ लिहिली आणि नेट गेलं, तर ती कुठे राहते, कोणाला फोन करायचा आणि तो फोन उचलणार कोण? हे कागदावर तयार नसेल तर ऑनलाइन सेशन घेऊच नका. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर द्या, तो पाठच करून घ्या, कारण लिहून घेतलेली वही घरी कोणीही उघडतं.

कॉलेजचं गणित वेगळं. पोरं-पोरी बहुतेक सज्ञान, बऱ्याचशा हॉस्टेल नाहीतर पीजीवर, स्वतःचा फोन, आणि तक्रार करायची की नाही हे त्या मुलीनेच ठरवायचं. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती म्हणजे काय, घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी काय करतो, १८१ या महिला हेल्पलाइनला कधी फोन करायचा, ही माहिती झूमवर छान पोचते. जमत नाही ते नाटुकलं. शेजारच्या घरातून ओरडण्याचा आवाज येतोय, तुम्ही काय कराल, हे वर्गात चौघांना उभं करून घेतलं की मजा येते, कोणी बेल वाजवून साखर मागतं, कोणी वॉचमनला घेऊन येतं. झूमवर छोटे गट पाडायच्या ब्रेकआउट रूममध्ये तेच चौघं म्यूटवर बसून वेळ संपायची वाट बघतात.

आणि पालक? पालकांना झूमच. शाळेत बोलावलं तर फक्त आया येतात, रात्री साडेआठला लिंक दिली तर बापही येतात, जेवता जेवता का होईना ऐकतात.

तर पर्यवेक्षिका बाईंना मी हेच सांगितलं, मुलांचं शाळेतच, दोन शिफ्टला दोन दिवस, पालकांचं झूमवर. त्या जरा कुरकुरल्या, टाइमटेबल, घटक चाचणी, मग दोन शनिवार दिले. आता मुलं-मुली एकत्र बसवायची की वेगळी यावरून आमचं घोडं अडलंय. मी म्हणते पहिला तास वेगळा, दुसरा एकत्र. त्यांचं अजून उत्तर आलेलं नाही.