एल निदोची टूर ए: पोहता न येणाऱ्यांना सोबत घेऊन केलेली लगूनची बोट ट्रिप

फिलिपिन्समधल्या एल निदोला जाऊन टूर ए, म्हणजे तिथल्या लगूनची (कड्यांनी वेढलेल्या समुद्राच्या शांत पाण्याची) ठरलेली बोट ट्रिप, करावी का, तर हो, नक्की करा, आणि घरात कोणाला पोहता येत नसेल तरी करा. हे पहिल्याच ओळीत सांगते कारण जायच्या आधी मी जिथे तिथे हेच शोधत होते आणि सगळीकडे पंचविशीतल्या पोरापोरींचे ड्रोनचे व्हिडिओ सापडत होते, साठीच्या पुढच्या, पोहता न येणाऱ्या, शुद्ध शाकाहारी बाईचं तिथे काय होतं हे कोणीच लिहिलेलं नव्हतं. आमच्यात सासूबाई होत्या, नवरा होता ज्याला स्विमिंग पूलमध्ये येतं पण समुद्राची भीती वाटते, आणि शाळेतली मुलगी जी पाण्यातून बाहेरच येत नाही.

आधी थोडं जागेबद्दल. एल निदो हे पलावान बेटाच्या उत्तर टोकाला आहे, समोर बाकुइटचा उपसागर आणि त्यात चुनखडकाची उभीच्या उभी बेटं. मनिलाहून छोटं विमान थेट एल निदोला जातं पण महाग पडतं, आम्ही पुएर्तो प्रिन्सेसाला उतरून व्हॅनने गेलो, पाच-सहा तास लागतात आणि रस्ता वळणांचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच बसा. जून २०२५ पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसा लागत नाही त्यामुळे आता आपली बरीच मंडळी जायला लागलीयेत, तिथे बीचवर मराठी कानावर पडली तेव्हा आम्हीही चमकलो.

आता मुख्य गोष्ट, जी मला बुकिंगच्या आधी कळली आणि खूप उपयोगी पडली. तिथे ए, बी, सी, डी असे चार ठरलेले रूट आहेत आणि गावातली प्रत्येक एजन्सी तेच विकते. त्यामुळे "आम्ही तुम्हाला स्पेशल जागा दाखवतो" वगैरे बोलण्याला भुलायचं कारण नाही. फरक पडतो तो बोटीवर किती माणसं कोंबणार, किती वाजता निघणार, स्नॉर्केलिंगचे (पाण्यावर तरंगत खालचं बघायचे) मास्क कसे आहेत आणि पाण्यात गाइड सोबत उतरणार का, एवढ्याच गोष्टींनी. बुकिंग करताना हे चार प्रश्न विचारा आणि मास्क तर हातात घेऊन बघा. शेअर्ड टूरचे माणशी साधारण १२०० ते १५०० पेसो सांगतात, जेवण त्यातच. एक पेसो म्हणजे आपला दीड रुपया धरा. कयाकचं, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीचं, भाडं वेगळं, लगूनची एंट्री वेगळी, पर्यावरण फी वेगळी. त्या पर्यावरण फीची पावती १० दिवस चालते, दुसऱ्या दिवशी दुसरी टूर करायची असेल तर ती पावती फेकू नका.

सकाळी बोटीत चढणं हा सासूबाईंसाठी सगळ्यात अवघड भाग होता. बोट लावायला धक्काबिक्का नाही, किनाऱ्यावरून गुडघाभर कधी कंबरभर पाण्यातून चालत जायचं आणि बोटीच्या लाकडी शिडीने वर चढायचं, ओहोटी असेल तर बोट अजून लांब उभी असते. सुती पंजाबी ड्रेस भिजला की जड होतो, पायात येतो, म्हणून ड्रायफिटचा लांब टी-शर्ट आणि लेगिंग्ज असंच घाला, तिथे कोणी कोणाच्या कपड्यांकडे बघत नाही. बोटीवरची पोरं मात्र सोन्यासारखी. दोघांनी दोन्हीकडून हात धरून त्यांना वर घेतलं, "नानाय, नानाय" करत, म्हाताऱ्या बाईला तिथे आई अशीच हाक मारतात. आपण त्या पोरांना कुया म्हणायचं, म्हणजे दादा. लाईफ जॅकेट सगळ्यांना घालायला लावतात आणि नीट बकल लावलंय का ते स्वतः ओढून बघतात, हे मला फार आवडलं, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जॅकेट नुसतं गळ्यात अडकवून देतात.

बोटीला बांग्का म्हणतात. आपल्या कोकणात होडीला एका बाजूला उलांडी (तोल सांभाळणारं तरंगतं लाकूड) असते ना, तशी हिला दोन्ही बाजूंना असते, बांबूची, त्यामुळे बोट लाटेवर फार कलंडत नाही आणि ज्यांना बोट लागते त्यांनाही बऱ्यापैकी सोसते. इंजिनाचा आवाज मात्र भयंकर, मागे बसू नका, पुढे बसा.

बिग लगून. ह्यासाठीच ही ट्रिप करायची. मिनिलोक नावाच्या बेटाच्या पोटात समुद्र आत घुसलाय आणि चारी बाजूंनी काळ्या-करड्या कड्यांच्या भिंती. आपले सह्याद्रीचे कडे लाव्हाचे, बेसॉल्टचे, थराथराने चढलेले. हा चुनखडक आहे, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला, आणि पावसाच्या पाण्याने विरघळत जातो म्हणून त्याला सुऱ्यांसारखी धार आलेली आहे, भोकं पडलीत, गुहा झाल्यात. हात टेकवायचा नाही, कापतो. कपारींमध्ये पाकोळ्या घरटी करतात, लाळेची घरटी, चिनी सूपसाठी जी सोन्याच्या भावाने जातात ती हीच.

आधी म्हणे मोठ्या बोटी थेट लगूनच्या आत जायच्या. आता नाही जाऊ देत, बोट बाहेर थांबते आणि आत फक्त कयाकने किंवा पोहत, शिवाय एका वेळी किती माणसं आत असतील त्यालाही मर्यादा आहे. हा सगळा भाग १९९८ पासून ताइताइ गावासकट संरक्षित क्षेत्र आहे. काही लोक ह्या नियमांवर चिडतात की कयाकचे वेगळे पैसे काढायला लावतात म्हणून, पण मला विचाराल तर हे तीनशेच्या आसपास पेसो पूर्ण ट्रिपमधले सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे. कारण आत गेल्यावर इंजिनाचा आवाज थांबतो. एकदम थांबतो. तोंडाशी पाणी इतकं उथळ की खालची वाळू दिसते, मग एकदम तळ खाली जातो आणि रंग फिकट हिरव्याचा गडद निळा होतो, आणि वल्ह्याचा आवाज कड्यांवर आपटून परत येतो. सासूबाई आणि एक कुया एका कयाकमध्ये, आम्ही दुसऱ्यात. दहा मिनिटं त्या कयाकची कड घट्ट धरून बसल्या होत्या, मग त्यांनी एक हात सोडला, पाण्यात घातला, आणि मग वल्हं मागितलं. ज्यांना वाटतं की पोहता येत नाही म्हणजे ही ट्रिप आपल्यासाठी नाही, त्यांच्यासाठी हे सांगतेय. कयाकला पोहणं लागत नाही, जॅकेट असतं, पाणी शांत असतं, फक्त सोबत वल्हवणारा जाणकार हवा. त्यासाठी आधीच सांगून ठेवा आणि नंतर त्या पोराला हातात टिप द्या, मनापासून करतात.

पण वेळेचं बघा. आमच्या एजन्सीने साडेआठला निघू सांगितलं होतं, प्रत्यक्षात दहा वाजत आले कारण दुसऱ्या हॉटेलातले लोक यायचे होते, आणि तोवर बाकी सगळ्या बोटी पण तिथेच. तोंडाशी कयाकचा अक्षरशः ट्रॅफिक जॅम, एकमेकांना धडकत होते लोक. आत खूप पुढे गेलं की गर्दी विरळ होते, बहुतेक जण तोंडापाशीच फोटो काढून परत फिरतात, तर तुम्ही तसं करू नका, शेवटपर्यंत वल्हवत जा. चार-पाच जण असाल आणि बजेट असेल तर प्रायव्हेट बोट घेऊन लवकर निघा, त्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल आहेत.

सीक्रेट लगून मला काही खास वाटलं नाही. कड्याला एक भोक आहे, त्यातून वाकून आत जायचं आणि आत छोटंसं डबकं, त्यात पन्नास माणसं. लाटा असतील तर त्या भोकातून जाताना खडकावर आपटायची भीती असते, सासूबाईंना आम्ही नेलंच नाही. बिग आणि स्मॉल लगूनपैकी आमच्या बोटीवर एकच होतं, विचारून घ्या कोणतं ते. पहिल्यांदा जात असाल तर बिगच घ्या.

स्नॉर्केलिंग शिमिझू बेटाजवळ. इथे खरं सांगायचं तर संमिश्र. मासे भरपूर, पिवळे-काळे पट्टेवाले तर अंगाभोवती फिरतात, पोपटमासे प्रवाळ कुरतडताना दिसले, मुलीला अॅनिमोनमध्ये, त्या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जीवात, निमो मासा सापडला आणि ती पाण्याखाली मास्कमधूनच ओरडली. पण उथळ भागातलं प्रवाळ बरंच मेलेलं आहे, करडे तुकडे पडलेत नुसते. अँकर, माणसांचे पाय आणि तापलेलं पाणी, तिन्ही त्याला मारक. २०२४ मध्ये तर जगभरच्या समुद्रांत प्रवाळ पांढरं पडलं होतं. थोडं खोल बाजूला, जिथे तळ उतरत जातो, तिथे अजून जिवंत आहे आणि तिथे गाइड सोबत असेल तरच जा. आमचा कुया रिंग घेऊन पुढे पोहत होता आणि नवरा ती रिंग धरून मागे तरंगत, डोकं पाण्यात. मालवणला स्नॉर्केलिंग केलंय त्यांना ही पद्धत माहीत असेल. तुलना करायचीच तर मालवणला गाइडची साथ जास्त जवळून मिळते आणि पहिल्यांदा शिकायला ते बरं, पण पाण्याच्या स्वच्छतेत एल निदोला तोड नाही, इथे बरंच खोलवरचं स्पष्ट दिसतं.

कृपा करून प्रवाळावर उभं राहू नका. ते दगडासारखं दिसतं पण जिवंत आहे, आणि आमच्याच बोटीवरचे दोघं त्यावर उभे राहून सेल्फी काढत होते तेव्हा मला खरंच राग आला. कुयाने त्यांना खाली उतरवलं ते बरं झालं. माशांना पाव पण टाकायचा नाही. सनस्क्रीन थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट, घाला, पाण्यातही काही मिसळत नाही आणि पाठही भाजत नाही, तोंडावर पडून तास-तास तरंगल्यावर पाठ आणि पोटऱ्या जबरदस्त भाजतात. पायात अॅक्वा शूज हवेतच, काळे काटेरी सी अर्चिन आहेत.

मास्कबद्दल. एजन्सीचे मास्क जुने होते, सिलिकॉन कडक झालेलं, नवऱ्याच्या मास्कमध्ये सतत पाणी येत होतं आणि त्यात त्याला मिशा, मिशांमुळे मास्क नीट चिकटतच नाही. पहिल्यांदा स्नॉर्केल करणाऱ्याच्या नाकात पाणी गेलं की त्याची सगळी हिंमत तिथेच जाते, म्हणून ही गोष्ट मी क्षुल्लक मानत नाही. शक्य असेल तर स्वतःचा मास्क इथूनच घेऊन जा, चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो तो बघा, कारण चष्म्यावर मास्क बसत नाही. मुलीचा स्वतःचा होता आणि तिला दिवसभर काही त्रास नाही.

जेवण एका बीचवर, बोटीवरच कोळशावर भाजतात. भाजलेला आख्खा मासा, डुकराचं मांस, चिकन, भात, भाजलेल्या वांग्याची कोशिंबीर, काकडी, कलिंगड, केळी. मासे खाणाऱ्यांची चैन आहे, मासा ताजा आणि वर कालामान्सी पिळलेली, आंबटगोड छोटं लिंबू असतं तसं, मी दोनदा घेतला. पण शाकाहाऱ्यांचं काय, तर बुकिंगच्या वेळी दोनदा सांगूनसुद्धा सासूबाईंसाठी वेगळं काही आलं नाही. सगळं एकाच जाळीवर. त्यांनी भात, काकडी आणि फळं खाल्ली, आणि आम्ही नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती म्हणून पोट भरलं. वांग्यात पण कधीकधी कोळंबीची पेस्ट घालतात, विचारल्याशिवाय खाऊ नका. पोरांचा त्यात काही दोष नाही, एजन्सीने त्यांच्यापर्यंत निरोपच पोचवला नव्हता. ह्या एका गोष्टीसाठी एजन्सीचे मार्क मी नक्की कापेन, माणूस दिवसभर समुद्रात असतो, मध्ये कुठे दुकान नाही.

शेवटचा थांबा सेव्हन कमांडोज बीच. नारळाची झाडं, स्वच्छ वाळू, शहाळं, छोटा बार, व्हॉलीबॉल. सासूबाईंनी इथे लाईफ जॅकेट घालून पहिल्यांदा समुद्रात पाय सोडून पाठीवर तरंगून बघितलं, नात हात धरून. इथे वाळूत निकनिक नावाच्या बारीक माश्या असतात, चावल्या की आठवडाभर खाज, म्हणून वाळूत थेट लोळू नका, टॉवेल घ्या आणि खोबरेल तेल लावा.

अजून थोडं. सिंगल यूज प्लास्टिकच्या बाटल्या बोटीवर चालत नाहीत, स्टीलची बाटली न्या. ड्राय बॅग (पाणी आत न जाणारी पिशवी) हवीच. गावात एटीएम कमी आहेत आणि कधी पैसे संपलेले असतात, रोख पेसो पुएर्तो प्रिन्सेसातूनच घेऊन या, लगूनच्या तोंडाशी होडीत शहाळी आणि बिअर विकतात तिथे कार्ड चालत नाही.

सीझन नोव्हेंबर ते मे. जूननंतर तिथेही पाऊस आणि वारा, कोस्ट गार्ड सकाळी बोटी रद्द करतं, आणि रद्द केलं तर वाद घालू नका, टूर सी च्या बाजूला उघड्या समुद्रात लाटा खरंच मोठ्या असतात. टूर ए त्यातल्या त्यात आडोशाची, म्हणून लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर हीच घ्या, आणि एल निदोत एक दिवस जास्तीचा ठेवा म्हणजे हवा बिघडली तरी दुसऱ्या दिवशी जाता येईल.

ट्रिपला पाचपैकी साडेचार, बोटीवरच्या पोरांना पूर्ण पाच, एजन्सीला तीन.