विक्काची सुरुवातीची पुस्तकं: काही महिने वापरून झालेलं मत

विक्का, म्हणजे विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये आकाराला आलेला निसर्गपूजक चेटूक-धर्म, किंवा एकूणच आधुनिक पेगन (ख्रिस्तपूर्व निसर्गदेवतांच्या धर्मांवर बेतलेली) उपासना शिकायची म्हटलं, की जाणकार मंडळी पुस्तकांची लांबलचक यादी हातात देतात. त्यातलं पहिलं कोणतं उघडायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. गेल्या काही महिन्यांत मी यातली नेहमीची नावाजलेली पुस्तकं वाचली आणि वापरलीही. त्यातले विधी केले, ध्यानाचे सराव केले, पौर्णिमा पाळल्या, वही ठेवली. मत आधीच सांगून टाकते: या पुस्तकांतली कृती भरवशाची आहे, इतिहास नाही. हे लक्षात ठेवून घेतलीत तर पैसे वाया जाणार नाहीत.

सर्वांत जास्त हाताळलं गेलं ते स्कॉट कनिंगहॅमचं १९८८ सालचं ‘विक्का: अ गाइड फॉर द सॉलिटरी प्रॅक्टिशनर’. छोटं पुस्तक आहे, भाषा सरळ आहे. त्याचं महत्त्व कळायला आधीची परिस्थिती माहीत हवी. विक्काचा पाया घालणाऱ्या जेराल्ड गार्डनरच्या परंपरेत कोव्हनमध्ये, म्हणजे उपासकांच्या छोट्या गटात, रीतसर दीक्षा घ्यावी लागते आणि दीक्षेच्या तीन पायऱ्या असतात. कोव्हन सापडली नाही तर दार बंद. कनिंगहॅम म्हणतो, एकट्याने करा, स्वतःच स्वतःला वाहून घ्या, विधी स्वतः रचा. हे पातळ केलेलं विक्का आहे अशी टीका जुन्या वळणाचे लोक आजही करतात. टीकेत तथ्य आहे, पण एकटं बसून शिकणाऱ्याला दुसरं कोण विचारतं?

पुस्तकाचे तीन भाग आहेत: विचार, कृती आणि शेवटी एक अख्खं बुक ऑफ शॅडोज, म्हणजे विधी-मंत्रांची वही. खरा उपयोग या तिसऱ्या भागाचा. विधीसाठीचं पवित्र वर्तुळ कसं आखायचं, चार दिशांना कसं बोलवायचं, पौर्णिमेला काय म्हणायचं, आठ सणांना काय करायचं, सगळं क्रमाने दिलंय. एक व्यवहारातली गोष्ट मात्र कोणतंच पुस्तक ठळकपणे सांगत नाही. मेणबत्तीच्या उजेडात, एका हातात पेला धरून, पुस्तक उघडं राहत नाही. पानं मिटतात, ओळ हरवते, लक्ष उडतं. त्यामुळे विधी मोठ्या अक्षरांत स्वतःच्या वहीत उतरवून घेणं अपरिहार्य होतं. गंमत म्हणजे लिहिता लिहिता अर्धं पाठही होतं.

कनिंगहॅममध्ये मनाच्या तयारीचा भाग तोकडा आहे. काय करायचं ते कळतं, पण करताना आत काय घडायला हवं ते फारसं उलगडत नाही. ती उणीव स्टारहॉकच्या ‘द स्पायरल डान्स’ने भरून काढली. पुस्तक १९७९ सालचं, सॅन फ्रान्सिस्कोच्या स्त्रीवादी चळवळीच्या वातावरणात लिहिलेलं. त्यातले सराव सुटे करून रोज करता येतात. झाडाचा सराव मी अजून सोडलेला नाही: ताठ बसायचं, पाठीच्या कण्यातून मुळं जमिनीत उतरताहेत अशी कल्पना करायची, खालची ऊर्जा वर ओढायची, डोक्यावरून फांद्यांसारखी पुन्हा जमिनीकडे सोडायची. वाचताना पोरकट वाटतं. महिनाभर केल्यावर विधीआधी मन ठिकाणावर यायला एवढंच पुरतं. देवदेवतांवर विश्वास नसलेल्यालाही हा सराव चालेल.

हे पुस्तक घेताना आवृत्ती बघून घ्या. दहा आणि वीस वर्षांनी लेखिकेने जोडलेल्या टिपा असलेली आवृत्तीच घ्यावी. पहिल्या लिखाणात विश्वाची ऊर्जा म्हणजे स्त्री-पुरुष तत्त्वांचा खेळ, असा मोठा भर आहे. टिपांमध्ये ती स्वतःच ते मागे घेते. आपण तेव्हा असं का म्हणालो आणि आता तसं का वाटत नाही, हे उघडपणे मांडते. अध्यात्माच्या शेल्फवर इतका प्रामाणिकपणा क्वचित दिसतो. उलट पहिल्या मजकुराची भाषा मधूनमधून इतकी काव्यमय होते, की सूचना नेमकी कुठे संपली आणि कविता कुठे सुरू झाली ते परत वाचून शोधावं लागतं.

रेमंड बकलंडचं १९८६ सालचं ‘कम्प्लीट बुक ऑफ विचक्राफ्ट’ म्हणजे या वर्तुळातलं प्रसिद्ध ‘मोठं निळं पुस्तक’. पंधरा धडे, धड्याच्या शेवटी प्रश्न, थेट शाळेची स्वाध्याय-पुस्तिका. अवजारं बनवण्यापासून रून लिपी, भविष्यकथन, औषधी वनस्पती यांपर्यंत सगळं त्यात कोंबलेलं आहे. सलग वाचायला गेलं तर दमछाक होते. मी ते संदर्भासाठी ठेवलं आणि त्या भूमिकेत ते चोख काम करतं. वनस्पती पोटात घेण्याविषयीचा मजकूर मात्र यातला असो वा दुसऱ्या कुठल्या पुस्तकातला, केवळ छापलाय म्हणून करून बघू नये.

आता कोणत्या दिशेचं, अवजाराचं, रंगाचं कोणतं तत्त्व हे सांगणाऱ्या तक्त्यांविषयी, कारण नवखा माणूस इथेच अडकतो. पूर्व म्हणजे वायू, दक्षिण म्हणजे अग्नी, पश्चिम म्हणजे जल, उत्तर म्हणजे पृथ्वी, इतपत बहुतेकांचं एकमत. पण अथामी, म्हणजे काळ्या मुठीची विधीची सुरी, काही पुस्तकांत अग्नीची असते आणि छडी वायूची. काहींत नेमकं उलटं. दोन्ही बाजूंना परंपरा आहे. गोल्डन डॉन या १८८८ साली स्थापन झालेल्या गूढविद्येच्या संस्थेतही छडी अग्नीचीच होती. एक पद्धत निवडावी आणि तीच धरून ठेवावी, एवढंच माझं म्हणणं. दर महिन्याला तक्ता बदलणाऱ्याचा विधी कधीच अंगात मुरत नाही. ई-बुक घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना: माझ्याकडच्या एका ई-आवृत्तीत तक्त्यांचे रकाने इतके कोसळले होते, की कोणता रंग कोणत्या ग्रहाचा ते लागेना. तक्त्यांचं पुस्तक कागदीच बरं.

ऋतूंचाही असाच घोळ. आठ सणांचं चक्र ३१ ऑक्टोबरच्या साउइनपासून धरतात. मग डिसेंबरातला यूल, फेब्रुवारीच्या सुरुवातीचा इम्बोल्क, १ मेचा बेल्टेन वगैरे. ही मांडणी ब्रिटनच्या हवामानाला बेतलेली आहे. दक्षिण गोलार्धातले लोक सहसा चक्र सहा महिन्यांनी फिरवतात. काही जण अग्नी उत्तरेला नेतात आणि वर्तुळही सूर्याच्या तिथल्या मार्गाप्रमाणे उलट दिशेने आखतात. जिथे चार ऋतू धड वेगळे पडतच नाहीत, तिथल्या वाचकाचा विचार या पुस्तकांनी जवळजवळ केलेलाच नाही. अशांनी चंद्राचे विधी आधी धरावेत. पौर्णिमा सगळ्यांची एकच असते.

आणि आता इतिहास. मार्गारेट मरे यांनी १९२१ साली असा सिद्धांत मांडला, की युरोपात चेटकीण म्हणून मारले गेलेले लोक खरं तर एका प्राचीन धर्माचे उपासक होते. गार्डनरने १९५४ सालच्या ‘विचक्राफ्ट टुडे’मध्ये तोच धागा पुढे नेला आणि त्या पुस्तकाची प्रस्तावनाही मरे यांचीच. इतिहासकारांनी हा सिद्धांत कधीच मोडीत काढलाय. तरी कितीतरी प्राथमिक पुस्तकं पहिल्याच प्रकरणात अश्मयुगापासून अखंड चालत आलेल्या धर्माची गोष्ट सांगून मोकळी होतात. चेटकिणींच्या हत्याकांडात ९० लाख बळी गेले, हा आकडाही जुन्या पुस्तकांत सर्रास भेटतो. अठराव्या शतकात एका जर्मन लेखकाने एका गावाच्या दप्तरातल्या मोजक्या खटल्यांवरून साऱ्या युरोपचा हिशेब मांडला, त्यातून तो आलाय. आजचे अभ्यासक साधारण ४० ते ६० हजारांच्या आसपास बोलतात. तेवढे जीवही भयंकरच आहेत, त्यांना फुगवायची गरज नव्हती. शिवाय इंग्लंडमध्ये चेटकाच्या गुन्ह्याला फाशी होती, चिता नव्हे. हेही ही पुस्तकं सोयीस्करपणे विसरतात.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्या कृतीच्या पुस्तकाबरोबरच रोनाल्ड हटन यांचं ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ आणावं. हटन ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार, पुस्तक १९९९ सालचं. जाडजूड आहे, सुरुवातीच्या वाचकासाठी लिहिलेलंही नाही. पण रोमँटिक कविता, फ्रीमेसनांचे विधी, लोककथा आणि विधीयुक्त जादू यांच्या मिश्रणातून विसाव्या शतकात विक्का कसं आकाराला आलं, हे ते इतक्या आस्थेने दाखवतात, की श्रद्धेला धक्का बसण्याऐवजी डोळसपणा येतो. मी तरी विधी अधिक मोकळेपणाने करू लागले. शब्द प्राचीन नाहीत म्हटल्यावर चुकण्याची भीतीच उरत नाही, हवे तिथे ते बदलता येतात.

याच कारणासाठी डोरीन व्हॅलिएंटे यांचं १९८९ सालचं ‘द रीबर्थ ऑफ विचक्राफ्ट’ मला सगळ्यांत आवडलं. १९५३ साली गार्डनरने त्यांना दीक्षा दिली. त्याच्या बुक ऑफ शॅडोजमध्ये ॲलिस्टर क्रोली या इंग्लिश गूढविद्यावाद्याच्या ओळी जशाच्या तशा आहेत हे त्यांनी ओळखलं, त्याला तोंडावर सांगितलं आणि मग बराच मजकूर स्वतः नव्याने लिहिला. आज जगभर म्हटलं जाणारं देवीचं आवाहन त्यांच्याच हातचं. कुणाला दुखावणार नसेल तर हवं ते कर, हे विक्काचं नीतिवचन पुस्तकं फार पुरातन असल्याच्या थाटात छापतात. आज परिचित असलेल्या आठ इंग्रजी शब्दांच्या रूपात ते व्हॅलिएंटे यांच्याच १९६४ सालच्या भाषणातून पसरलं. घरातल्याच बाईने घरातली भांडी इतक्या शांतपणे दाखवलेली वाचायला मजा येते.

जॅनेट आणि स्ट्यूअर्ट फॅरर या विक्कन दांपत्याची पुस्तकं मात्र सध्या बाजूला ठेवली आहेत. मजकूर भरीव आहे. पण विधी पुजारी, पुजारीण आणि सोबतीला मंडळी आहेत असं धरून लिहिलेले. एकटीने करायचे तर निम्मे संवाद गाळावे लागतात आणि उरतं ते नाटकाच्या तालमीसारखं वाटतं. कोव्हन मिळालेल्यांनी मात्र सुरुवात तिथूनच करावी, कनिंगहॅम त्यांना फार लवकर अपुरा पडेल.