हिवाळी पक्ष्यांसाठी ब्रिज कॅमेरा की सुटी टेलिफोटो लेन्स?

राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्यातला पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनाचा आणि शेवटचा डॉ. सालिम अली यांच्या. या आठवड्यात टेकडीवर किंवा पाणवठ्यावर पहिल्यांदाच पक्षी पाहायला आलेल्यांपैकी काही जण पुढच्या महिनाभरात कॅमेऱ्याची चौकशी करू लागतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो: सगळे एकातच असलेला, प्रचंड झूमचा ब्रिज कॅमेरा घ्यावा, की लेन्स बदलता येणारी, क्रॉप (म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीहून लहान) सेन्सरची बॉडी आणि १५०-६०० किंवा १००-४०० मिलिमीटरची सुटी लेन्स घ्यावी? मी दोन्ही वापरले आहेत, त्यामुळे आकड्यांचे तक्ते बाजूला ठेवून बागेत, माळावर आणि पाणथळ जागी या दोहोंचा प्रत्यक्ष अनुभव काय येतो, तेवढेच येथे लिहितो.

ब्रिज कॅमेऱ्याची बाजू आधी मांडतो, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या या जलाशयावर हिवाळ्यात थापटे, तलवार बदके आणि चक्रवाक उतरतात. पण निरीक्षण मनोऱ्यावरून पाहताना त्यांचे थवे बरेचदा इतके लांब असतात की ६०० मिलिमीटरच्या लेन्समधूनही ते पाण्यावरचे ठिपकेच राहतात. अशा ठिकाणी २००० मिलिमीटरच्या तोडीचा झूम असलेला ब्रिज कॅमेरा दुर्बिणीचे आणि स्पॉटिंग स्कोपचेही काम करतो. फोटो भिंतीवर लावण्याजोगा नसला, तरी चोचीचा आकार, पंखावरचा आरसा (चकाकता रंगीत पट्टा), डोक्यावरचे पट्टे एवढे दिसले की नोंद पक्की होते. मंगोलियात गळपट्टे चढवलेले पट्टकादंब भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. अशा पक्ष्याच्या मानेवरची अक्षरे वाचता येणे आणि न येणे यात नोंदीच्या मोलाचा मोठा फरक पडतो. ज्यांचा मुख्य हेतू ओळख आणि नोंद हाच आहे, त्यांनी या गुणाला कमी लेखू नये.

मात्र हा लांबचा पल्ला दिवसभर उपयोगी पडत नाही. ऊन चढू लागले की जमिनीवरची आणि पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि तिच्यातून काढलेला लांबचा फोटो कोणत्याही कॅमेऱ्यात मऊ, विरघळल्यासारखा येतो. सुप्याच्या माळरानावर किंवा इंदापूरजवळच्या कडबनवाडीच्या गवताळ भागात डिसेंबरातसुद्धा सकाळचे दहा वाजून गेल्यावर दूरचा धाविक टिपण्याचा प्रयत्न करून पाहावा, म्हणजे वाढीव झूमने पक्ष्याबरोबर मधल्या हवेची थरथरही तितकीच मोठी होते, हे लक्षात येईल. म्हणून पल्ल्याचा मुद्दा ब्रिज कॅमेऱ्याच्या पारड्यात टाकताना तो सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांपुरता धरावा, असे मला वाटते.

बागेत हिशेब बदलतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनसारख्या जुन्या झाडांच्या बागेत, किंवा एखाद्या वाड्याच्या परसात, आंबा-चिंचेच्या सावलीत हिवाळाभर मुक्काम ठोकणारे माशीमार आणि वटवटे हे इवलेसे, चंचल आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत रमणारे पक्षी आहेत. लाल छातीचा माशीमार आणि त्याचा जुळा भाऊ शोभावा असा तैगा माशीमार यांच्या माद्या वेगळ्या ओळखायच्या, तर खालच्या चोचीचे बूड फिकट आहे की काळे आणि शेपटीच्या मुळाशी असलेली पिसे शेपटीहूनही गडद काळी आहेत का, हे पाहावे लागते. हा तपशील सावलीत, सकाळी साडेसातच्या उजेडात, वाढवलेल्या आयएसओवर (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेच्या आकड्यावर) टिकला पाहिजे. क्रॉप सेन्सरचे क्षेत्रफळ अशा लांब झूमच्या बहुतेक ब्रिज कॅमेऱ्यांच्या सेन्सरच्या सुमारे बारा-तेरा पट असते, आणि हा फरक नेमका इथे दिसतो. माझ्या ब्रिज कॅमेऱ्यात आठशे आयएसओच्या पुढे पिसांचा पोत पुसला जाऊन रंगाचा लेप उरत असे, तर सुट्या लेन्सवर सोळाशे-बत्तीसशेपर्यंत चोचीचे बूड वाचता येते. हे माझ्या डोळ्यांचे मोजमाप आहे, प्रयोगशाळेतले नव्हे, आणि नव्या कॅमेऱ्यांत हे अंतर थोडे कमी झाले असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

तरीही केवळ उजेडाच्या मुद्द्यावर मी निर्णय घेतला नसता. ऊन येईपर्यंत थांबता येते, आणि थांबणे हा या छंदाचा अर्धा भागच आहे. माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच त्रासामुळे, आणि बाहेर पडल्यावर तो दर फेरीला भेटतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

झुडपांतले छोटे हिवाळी पाहुणे उघड्यावर क्वचित बसतात. गप्पीदास झुडपाच्या शेंड्यावर बसतो आणि थिरथिरा दगडावर उतरून शेपटी थरथरवतो, हे अपवाद सोडले तर बाकीचे बरेचसे बाभळीच्या, बोरीच्या, करवंदीच्या जाळीत असतात, आणि पक्षी व आपण यांच्यामध्ये एखादी काटकी येतेच. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस जवळची, ठळक कडेची वस्तू आधी पकडतो. म्हणजे काटकी लख्ख आणि तिच्यामागचा वटवट्या पुसट. अशा वेळी माझ्या ब्रिज कॅमेऱ्यात एकच वाट उरत असे: मोटरच्या झूमने थोडे मागे यायचे, फोकस बिंदू हलवायचा, बटण अर्धे दाबायचे, पुन्हा झूम करत पुढे जायचे. मोटर आपल्या गतीने चालते, तिला घाई करता येत नाही, आणि पूर्ण झूमवर दिसणारा झाडाचा तुकडा इतका लहान असतो की परत पुढे गेल्यावर तीच फांदी सापडेल याचीही खात्री नसते. हाताने फोकस करण्याची सोय त्यात होती, पण ती मेनूत शिरून चालू करावी लागत असे, आणि वटवट्या एका पानावर क्षणभराच्या वर थांबत नाही.

सुट्या लेन्सवर हेच काम डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता होते. डाव्या हाताचा तळवा लेन्सखाली असतो आणि बोटे फोकसच्या रिंगवर. ऑटोफोकसने काटकी पकडली की रिंग किंचित फिरवायची. काटकी विरघळत जाते आणि तिच्यामागून आधी डोळ्यावरची भुवई, मग चोच, मग सबंध पक्षी वर येतो. बऱ्याच लेन्समध्ये यासाठी ऑटोफोकस बंदही करावा लागत नाही. झूमची रिंगही हातानेच फिरते, त्यामुळे पक्षी हरवला तर मनगटाच्या एका वळणात १५० पर्यंत मागे येऊन तो शोधता येतो आणि तितक्याच झटक्यात ६०० वर परत जाता येते. आताच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडी पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात आणि उघड्यावर ते अचूकही असते. दाट जाळीत मात्र त्याही चुकतात आणि शेवटी बोटांखालची रिंगच कामी येते. बोरूच्या बेटात खाली वावरणारा शंकर, म्हणजे ब्लूथ्रोट, मला अनेक हिवाळे दिसत होता. त्याच्या गळ्याचा निळा-केशरी पट्टा स्वच्छ उमटलेला फोटो मात्र रिंग हाताशी आल्यावरच मिळाला.

माळावर उडत्या पक्ष्यांबाबतही झुकते माप याच बाजूला जाते. गवतावरून खालून फिरणाऱ्या भोवत्यांमध्ये, म्हणजे हॅरियर या शिकारी पक्ष्यांमध्ये, पांडुर आणि माँटेग्यू या जातींच्या माद्यांची ओळख चेहऱ्यावरची नक्षी आणि मानेभोवतीची फिकट कॉलर पाहून करावी लागते, आणि त्यासाठी पक्षी वळेल त्या क्षणी सलग फ्रेम घेता आल्या पाहिजेत. ब्रिज कॅमेऱ्यात सलग फ्रेमचा एक झोत घेतला की चित्रे कार्डावर उतरेपर्यंत पडदा अडकून राहत असे आणि तो मोकळा होईतो भोवत्या बांधापलीकडे गेलेला असे.

वजन ही सुट्या लेन्सची खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १५०-६०० जातीची लेन्सच दोन किलोंच्या आसपास असते, बॉडी वेगळी. ब्रिज कॅमेरा सगळा मिळून साधारण एक किलोचा. भिगवणजवळ कुंभारगावात किंवा डिकसळला होडीत बसल्यावर हे वजन मांडीवर टेकते, होडी डुलत असल्याने ट्रायपॉडचा तसाही उपयोग नसतो, आणि नावाडी रोहितांच्या थव्यापासून योग्य अंतर राखून होडी थांबवतो तेवढ्या अंतराला ४०० मिलिमीटरही पुरतात. पण टेकडी चढायची असेल, एसटीने प्रवास असेल किंवा मनगट-खांदा दुखत असेल, तर दोन-तीन किलोंमुळे कॅमेरा घरीच राहू लागतो. अशांनी हलक्या १००-४०० कडे पाहावे. झूम कमी पडेल, पण वर सांगितलेला रिंगचा फायदा बऱ्यापैकी टिकतो. खर्च मात्र बॉडी आणि लेन्स मिळून ब्रिज कॅमेऱ्याच्या बराच पुढे जातो, म्हणून जुन्या बाजारातली लेन्स हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. कोकणात किंवा मुंबईत वापरलेली लेन्स घेताना आतल्या काचांवर बुरशीचे जाळे नाही ना, हे टॉर्चच्या उजेडात पाहून घ्यावे.

एक गोष्ट ब्रिज कॅमेऱ्याच्या बाजूने पुन्हा सांगायला हवी. पल्ला कमी पडला की माणूस पुढे सरकतो, आणि दमून उतरलेल्या थव्याला उगाच उठवणे किंवा संध्याकाळी गवतात एकत्र रात्र काढायला जमलेल्या भोवत्यांमध्ये शिरणे हे फोटोपेक्षा फार महाग पडते. ज्याला आपला पाय आवरणार नाही असे वाटते, त्याच्या हाती लांब झूमच असलेला बरा.

तेव्हा नोंदींसाठी, लांबच्या पाणपक्ष्यांसाठी आणि हलक्या खांद्यासाठी ब्रिज कॅमेरा घेणाऱ्याला मी अडवणार नाही. पण तुमचा हिवाळा बहुतांशी बाग, परस, टेकडी आणि काटेरी माळ येथे जाणार असेल, तर मला सुटी लेन्स अधिक साथ देईल असे वाटते. दुकानात गेलात तर समोरच्या मोकळ्या भिंतीवर फोकस लावून पाहू नका. दारातून दिसणाऱ्या एखाद्या झाडाच्या आतल्या फांदीवर, पुढची पाने मध्ये ठेवून, पूर्ण झूमवर फोकस लावा. तो पुढच्या पानावर गेला की नजर न हलवता मागच्या फांदीवर आणता येतो का आणि त्याला किती वेळ लागतो, हे दोन्ही कॅमेऱ्यांवर लागोपाठ करून पाहा. लेन्सची रिंग ऑटोफोकस चालू असताना फिरते का, की त्यासाठी बॉडीत वेगळी सेटिंग लागते, हेही तिथेच विचारून घ्या.